भित्र्या मांजरीसाठी नाशिकमध्ये बोर्डिंग: जागा बघताना नेमकं काय बघायचं?

चिंगीची_आई

डिसेंबरात कोल्हापूरला भाच्याचं लग्न आहे आणि आमच्या ह्यांनी नेमका तोच मुहूर्त साधून दोन्ही बाथरूम फोडायला काढली आहेत. म्हणजे घरात आम्ही नाही, पण मिस्त्री, ग्राइंडर आणि धूळ आहे. मांजरं दोन. बंड्या कुठेही जाईल, कुणाच्याही ताटात तोंड घालेल. तो नणंदेकडे जाणार, ते ठरलं. प्रश्न चिंगीचा आहे. वय चार, ऑपरेशन झालेलं, पार्किंगमधून उचललेली. बेल वाजली की कपाटामागे. सिलेंडरवाला येऊन गेला की संध्याकाळपर्यंत दर्शन नाही. नणंदेकडे दोन लहान मुलं आणि एक लॅब्राडोर, त्यामुळे तिच्यासाठी ते घर बाद.

आम्ही इंदिरानगरला राहतो. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव, सगळीकडची बोर्डिंग चाळून झाली. इन्स्टाग्रामवर सगळीच गोजिरवाणी दिसतात. एकाकडे एसी, एकाकडे 'प्ले झोन', एकाकडे चोवीस तास कॅमेरा. नावं सुचवायची असतील तर विपूत (विचारपूस पानावर) सांगा. इथे मला एवढंच हवंय की प्रत्यक्ष जागा बघायला गेल्यावर कशाकडे लक्ष द्यायचं.

सातपूरकर

मिस्त्री आठवडाभर पुढे ढकला. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. शेजारी कुणाला किल्ली द्या, दिवसातून दोनदा खाणं-पाणी आणि शी-शूचा ट्रे साफ. भित्र्या मांजरीला याहून चांगलं बोर्डिंग नाशकात काय, कुठेच मिळणार नाही.

चिंगीची_आई

@सातपूरकर, मान्य, एरवी तेच करतो. पण आमचा टाइल्सवाला दिवाळीपासून तारखा देतोय. तो येतोय हेच नशीब. आता त्याला हलवला तर थेट सिंहस्थ उरकल्यावर उगवेल.

म्हसरूळवाला

वाचतोय. आमचा बोका पण असाच आहे.

गोदाकाठ

'प्ले झोन' दिसला की मी पुढे सरकते. तिथे अनोळखी मांजरं एकत्र सोडतात. कुत्र्यांना ते आवडू शकतं, मांजराच्या लेखी अनोळखी मांजर म्हणजे हद्दीत शिरलेला घुसखोर. जी धीट असतात ती निभावून नेतात, चिंगीसारख्या कोपऱ्यात बसून राहतात आणि फोटोत ते 'शांत बसलीये' असं दिसतं. तुम्हाला हवी आहे एक बंद, आवाज नसलेली आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणी जागा.

आत गेल्यावर मी आधी लपायला काय आहे ते बघते. बरेच बोर्डिंगवाले खोकं काढून घेतात, 'माणसात येऊ दे' म्हणून. हे उलटं आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्सला निवारागृहातल्या मांजरांवर अभ्यास झाला होता. ज्यांना पहिल्या दिवसापासून लपायला खोकं दिलं ती बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर सावरली. साधं पुठ्ठ्याचं खोकं चालतं, आडवं ठेवलेलं, वरून चढून बसता येईल असं. ते नसेल तर तुम्ही न्या. 'आम्ही खोकं ठेवू देत नाही' म्हणाले तर चहा न घेता निघा.

मग उंची. जमिनीलगतचा पिंजरा आणि ये-जा करणाऱ्यांच्या चपला डोळ्यांसमोर, यात माणूससुद्धा बावरेल. कमरेच्या वर एखादी फळी हवी. ट्रे आणि खाण्याचं भांडं शेजारी-शेजारी असेल तर भित्रं मांजर दोहोंपैकी एकाकडे फिरकत नाही. दोन्ही टोकांना ठेवता येतील एवढी तरी जागा पाहिजे.

आणि समोर कोण आहे ते बघा. पिंजरे समोरासमोर असले की दोन मांजरं दिवसभर एकमेकांवर डोळे रोखून बसतात. मध्ये न दिसणारा आडोसा हवा. तसा आडोसा नसेल तर निदान चार फुटांचं अंतर तरी हवं, ते शिंकांचे तुषार उडतात म्हणून.

ओवी_द

गोदाकाठ +१. एक भर: भिंतीपलीकडे काय आहे तेही बघा. नाशकात निम्मी 'पेट हॉस्टेल' मुळात कुत्र्यांची आहेत, मांजरांसाठी मागची एक खोली. कुत्रा दिसत नाही म्हणून ते खुशाल 'सेपरेट कॅट सेक्शन' म्हणतात. भुंकणं ऐकू येतंच ना. खोलीत दहा मिनिटं गप्प उभ्या राहा आणि ऐका.

दुसरं म्हणजे लॉन्स! गंगापूर रोडच्या त्या पट्ट्यात लग्नाची लॉन्स किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं लग्न डिसेंबरात, म्हणजे बाकीच्यांचीही डिसेंबरातच. शेजारी लॉन असेल तर रोज रात्री बँड आणि फटाके. जागा सकाळी बघून काही कळत नाही, एकदा संध्याकाळी आठला चक्कर मारा.

काटेरी

गावाबाहेरच्या फार्महाउसला ठेवणार असाल तर बिबट्याची पण चौकशी करा. 😄

ओवी_द

हसू नका, आमच्या नातेवाइकांच्या मळ्यात सीसीटीव्हीत दिसलाय. तिथे कुत्री पण रात्री आत घेतात.

क्लिनिकवाला

मी जनावरांच्या दवाखान्यात काउंटरला असतो, डॉक्टर नाही. पण बोर्डिंगहून परत आलेली मांजरं रोज बघतो, त्यावरून लिहितोय. डोस वगैरे तुमच्या व्हेटलाच विचारा.

लसीचं आजच बघा. तीन आजारांची एकत्र लस असते: पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. रेबीजची वेगळी. आधी घेतलेली असेल आणि बूस्टर राहिला असेल तर एका फेरीत काम होतं. कधीच दिलेली नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि शेवटच्या डोसनंतर बोर्डिंगपर्यंत निदान दोन आठवडे मोकळे हवेत. लोक जायच्या आदल्या दिवशी टोचून नेतात आणि कार्डावर शिक्का मिळाला म्हणून खूश असतात. त्या शिक्क्याला अंगात काम करायला वेळ लागतो.

पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू खोलीत वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या साबणाने, फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं. म्हणून 'सगळ्यांचं लसीचं कार्ड बघता का?' हा प्रश्न विचारा, आणि उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा बघा. जो तुमच्याकडे कार्ड मागत नाही त्याने शेजारच्या पिंजऱ्यातल्याकडेही मागितलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. मांजराने चोवीस तास काही खाल्लं नाही तर तो 'रुसवा' नाही, फोन करायची वेळ आहे. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, आणि जाड मांजरांत हे फार लवकर होतं. त्यातून बाहेर काढायला नळीने भरवावं लागतं. बोक्यांमध्ये आणखी एक: ताणाने लघवी अडते. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंब नाही, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही. @म्हसरूळवाला, हे तुमच्यासाठी.

म्हणून बोर्डिंगवाल्याला विचारा की किती खाल्लं आणि लघवी झाली का हे लिहून ठेवता का. वही दाखवा म्हणा. कॅमेरा चोवीस तास चालू असतो, पण तो बघत कुणी नसतं.

चिंगीची_आई

बापरे. बूस्टर राहिलाय हे तुम्ही म्हणालात म्हणून कार्ड काढून बघितलं. राहिलाय. उद्याच फोन करते.

काटेरी

वहीच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आमच्या भाटीला एका ठिकाणी ठेवली होती (नाव लिहीत नाही, आता बंद झालंय). रोज व्हॉट्सअॅपवर फोटो यायचा, खाली बदामाचं चिन्ह. घरी आणली तर हाताला बरगड्या लागत होत्या. विचारलं तर म्हणाले, 'ताटली भरलेली असायची ना मॅडम.' भरलेलीच असायची, कारण ती खातच नव्हती.

तेव्हापासून जाताना वजन करून नेतो आणि आणताना पुन्हा करतो. मांजर कॅरियरसकट (न्यायच्या पेटीसकट) काट्यावर ठेवायचं आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करायचं. तिथे त्यांच्यासमोर करायचं. मग बदाम कमी येतात आणि माहिती जास्त.

कुंदाताई

मी स्वतः घरी मांजरं सांभाळते, एका वेळी तीनच. धंद्याची जाहिरात करत नाही, डिसेंबर तसाही भरलाय. पलीकडच्या बाजूने चार गोष्टी.

आत येऊ देत नाहीत म्हणून लगेच संशय घेऊ नका. मी पण ज्या खोलीत दुसऱ्यांची मांजरं आहेत तिथे पाहुण्यांना नेत नाही. तुमच्या कपड्यांवरून काय येईल सांगता येत नाही, आणि आत जे भित्रं मांजर कसंबसं स्थिरावलंय ते पुन्हा खोक्यात जातं. पण रिकामी खोली दाखवायला काय हरकत आहे? आणि चालू असलेल्या खोलीचा व्हिडिओ कॉल तिथल्या तिथे करून दाखवायला? हे दोन्ही नाही म्हणणाऱ्याकडे ठेवू नका.

दार. माझ्याकडे दोन दारं आहेत, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. भित्रं मांजर पळतं ते पहिल्या दिवशी, दार अर्धवट असताना, आणि अनोळखी भागात पळालेलं मांजर हाकेला येत नाही. खिडकीला नुसती मच्छरदाणीची जाळी असेल तर ती नखाने फाटते. अंगठ्याने दाबून बघा.

फरशी कशाने पुसतात ते विचारा. हा प्रश्न मला आजवर फारच थोड्यांनी विचारला. काळं किंवा पांढरं फिनाईल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारी जंतुनाशकं, यांतल्या बऱ्याच गोष्टींत फिनॉल असतं किंवा तसलंच काही. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. ते फरशीवर चालतं, पंजे चाटतं, आणि पोटात जातं. खोलीत शिरल्यावर फिनाईलचा भपका आला तर लोकांना स्वच्छ वाटतं, मला परत फिरावंसं वाटतं. मी ब्लीच पाण्यात पातळ करून वापरते, मग साध्या पाण्याने पुसते आणि वाळल्यावरच मांजर सोडते.

आता तुमच्या बाजूचं. मालक खोटं बोलतात. 'अजिबात चावत नाही' म्हणतात आणि माझ्या मनगटावर चार दात. चिंगी कपाटामागे जाते, सिलेंडरवाल्याला घाबरते, हे सगळं लिहून द्या. उचलून घेतलेलं आवडत नसेल तर ते पहिल्या ओळीत. मी अशा मांजरांना पहिले दोन दिवस हात लावत नाही, जमिनीवर बसून भाजी निवडते आणि निघते. तुम्ही बघायला जाल तिथे 'पहिल्या दिवशी तुम्ही काय करता?' विचारा. 'खूप लाड करतो' हे उत्तर आलं तर चिंगीसाठी ते ठिकाण नाही.

आणि कृपा करून रात्री दहाला आणून सोडू नका. सकाळी आणा, म्हणजे दिवसभरात खाते का ते कळतं.

सातपूरकर

कुंदाताई, भाजी निवडणं भारी आहे. घरी ठेवा हे माझं मत कायम, पण बोर्डिंग करायचंच तर तुमच्यासारख्यांकडे करावं.

निफाडची_थंडी

आयडीला जागून लिहितो. डिसेंबर आहे. आमच्याकडे निफाडला पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि नाशिक फार मागे नसतं. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून काढलेली बोर्डिंग असतात. उन्हाळ्यात ती भाजतात, आणि डिसेंबरात पहाटे चारला त्याच पत्र्याखाली काय होतं ते मालकाला विचारा. रात्री तिथे माणूस झोपतो का, हेही. 'नऊला कुलूप, सकाळी आठला उघडतो' असं असेल तर अकरा तास कुणी नाही.

एसीचं कौतुक डिसेंबरात कुणाला सांगता भो.

पाथर्डी_फाटा

प्रवासाचं कुणीच लिहिलं नाही. इंदिरानगरहून आडगावला जायचं म्हणजे बोगदा, मुंबई नाका, द्वारका. सकाळी अकराला द्वारकेला अडकलात तर चिंगी बोर्डिंगला पोचायच्या आधीच अर्धी होईल. जवळचं बघा, आणि त्या जागेपासून तुमचा व्हेट किती लांब तेही बघा.

कॅरियर आत्तापासून हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिची जुनी चादर, अधूनमधून आत खाऊ. कॅरियर माळ्यावरून काढला की व्हेट, हे गणित मांजरांना पाठ असतं, ते मोडायला वेळ लागतो. गाडीत वरून टॉवेल टाका, सीटवर न ठेवता पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसवा. रिक्षाने नेऊ नका.

खूपच घाबरत असेल तर व्हेट प्रवासाआधी दोन-तीन तास द्यायला गॅबापेंटिन (शांत करणारं औषध) लिहून देतात. ते आधी एकदा घरी देऊन बघायचं, तेही त्यांनी लिहून दिलेल्या प्रमाणात. माणसांच्या डब्यातलं काढून अंदाजे देऊ नका. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, मांजराला ते विष आहे. बोर्डिंगवाल्यालाही हे माहीत आहे का, सहज विचारून घ्या.

गोदाकाठ

सामानाचं राहिलं. तिची चादर न धुता द्या. तिचंच लिटर (ट्रेमधली वाळू) द्या, आणि घरच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं त्यात मिसळा. किळस वाटेल, पण ट्रे आपला आहे हे तिला वासाने कळतं. खाणं तेच, ब्रँड बदलू नका. 'आमच्याकडे सगळ्यांना एकच फूड' म्हणणारे असतात, त्यांना नाही म्हणा.

लग्नाआधी एकदा एका रात्रीसाठी ठेवून बघा. त्या रात्री खाल्लं नाही तरी चालेल, पण सकाळी तुम्ही न विचारता त्यांनी 'खाल्लं नाही' असं कळवलं का, हे बघण्यासाठी. परीक्षा त्यांची घ्यायची आहे.

क्लिनिकवाला

आणि एक कागद. तुम्ही कोल्हापुरात मांडवात असाल, फोन लागणार नाही. कुठल्या व्हेटकडे न्यायचं, तुम्हाला न विचारता किती खर्चापर्यंत उपचार करायचे, तुम्ही नाही तर नाशकातलं कोण निर्णय घेणार, हे सहीनिशी लिहून द्या. आमच्याकडे मांजर टेबलावर आणि बोर्डिंगवाला बाहेर तिसऱ्यांदा फोन लावतोय असं चित्र असतं.

चिंगीची_आई

अपडेट देते. बूस्टर झाला. चार ठिकाणं बघितली.

पहिल्या ठिकाणी जिन्यातच फिनाईल. दुसरं दिसायला सगळ्यात सुंदर, काचेच्या खोल्या, पण काचा समोरासमोर. एक पांढरी पर्शियन भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिसऱ्याने 'मांजर आमच्याकडे आलं की दोन तासांत मांडीवर येतं' अशी हमी दिली, मला कुंदाताई आठवल्या. चौथी एक निवृत्त बाई, आमच्यापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. आतली एक खोली, तीन भाग, मध्ये प्लायवूड. टीव्ही नाही, खेळणी नाहीत. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं की घरी ती कुठे लपते, जमिनीवर की उंचावर. आणि शाळेची वही! तारीख, खाणं ग्रॅममध्ये, लघवी, शी. एका पानावर लाल पेनाने 'अर्धंच खाल्लं, ताईंना ६ वा. फोन'.

एका रात्रीसाठी ठेवली. सातला मेसेज आला: 'रात्री काही नाही. पहाटे थोडं. लघवी एकदा. खोक्यातच आहे.' फोटो नाही. ह्यांना जरा कोरडं वाटलं, मला नाही. तिथेच ठेवणार आहे.

आता शेवटचा प्रश्न. त्या एका रात्रीनंतर घरी आणली तर बंड्या तिच्यावर फिस्कारला. चार वर्षं एका गादीवर झोपणारी मांजरं! लग्नाहून आल्यावर दोघं एकदमच घरी येतील, तेव्हा काय करू?

कुंदाताई

तिच्या अंगाला परका वास आला, म्हणून त्याने ओळखलं नाही. नेहमीचं आहे. आल्या आल्या दोघांना समोरासमोर सोडू नका. चिंगीला बेडरूममध्ये ठेवा, तिचा ट्रे आणि पाणी आत, दार बंद. तिची चादर बंड्याच्या जागेवर टाका, त्याची तिच्या खोलीत. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्या. फिस्कारणं थांबलं की दार थोडं उघडा. काहींना एक दिवस लागतो, काहींना आठवडा. मध्येच उचलून नाकाला नाक लावायला जाऊ नका, तिथेच ओरबाडे बसतात.

बाथरूमची धूळ आणि टाइल्सच्या केमिकलचा वासही घरात असणार. बेडरूम आधी नीट पुसून घ्या. फिनाईल नको.

क्लिनिकवाला

आणि आठवड्याभराने शिंका आल्या तर लगेच त्या बाईंना दोष देऊ नका. हर्पीस एकदा झाला की अंगात दबा धरून राहतो आणि ताणानंतर काही दिवसांनी डोकं वर काढतो. पार्किंगमधून उचललेल्या मांजरांत हा फार असतो. खात-पीत असेल तर फोनवर विचारा, डोळे चिकटले किंवा खाणं सुटलं तर घेऊन या. शिंका असेपर्यंत बंड्याचं भांडं वेगळं.

म्हसरूळवाला

@चिंगीची_आई, त्या बाईंचा नंबर विपूत द्याल का? बोका आहे, फवारे मारत नाही.

कुंदाताई

ऑपरेशन झालंय का त्याचं? ते आधी लिहा.